घरचा संगणक: आधी कॉपी, मग स्क्रू ड्रायव्हर

मे महिना संपत आला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर धुळीने भरलेले सीपीयू येऊ लागतात. सुट्टीला आलेली मुलं मुंबईला परत जाताना आईवडिलांना सांगून जातात, "पावसाआधी हा एकदा दाखवून घ्या." या महिन्याची पत्रंही तशीच आहेत. बावीस वर्षं मी चिपळुणात संगणक दुरुस्त करते आहे. डबा उघडण्याआधी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: यातल्या फायली आणखी कुठे आहेत का? "नाही" असं उत्तर आलं, तर स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवते आणि आधी कॉपी करते. खालची उत्तरं वाचतानाही तो क्रम पाळा, एवढी विनंती.

प्रश्न: ताई, माझा संगणक २०१५ चा आहे. निवृत्त झालो तेव्हा मुलाने घेऊन दिला. बटण दाबून मी आंघोळ उरकून येतो, तेव्हा कुठे तो वापरण्याजोगा होतो. दुकानदार म्हणतात, फॉरमॅट मारू, नाहीतर नवा घ्या. पेन्शनीत नवा घेणं जड जातं. काय करू?
– निवृत्त शिक्षक, देवरुख

उत्तर: सर, नवा घेऊ नका आणि फॉरमॅटही एवढ्यात मारू देऊ नका. फॉरमॅट मारला की चार महिने बरं वाटतं, कारण साठलेलं सगळं निघून जातं. पण दुखणं हार्ड डिस्कमध्ये असेल तर ते तिथेच राहतं.

आधी अडतंय कुठे ते बघू. यासाठी काहीही विकत घ्यायला नको. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' असेल, त्यावर क्लिक करा. सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. काहीच काम चालू नसताना डिस्कचा आकडा दहा-पंधरा मिनिटं १०० टक्क्यांवर अडकून बसला असेल, तर अडचण डिस्कची. मेमरी ९० च्या पुढे असेल तर रॅम, म्हणजे तीच मेमरी, अपुरी पडते आहे. तुमच्या काळातल्या बहुतेक घरगुती मशीनना ४ जीबी रॅम असायची. आजचा ब्राउझर चार-पाच टॅब उघडले की तेवढी एकटाच खातो.

त्याच खिडकीत 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. प्रिंटरचं काहीतरी, गाण्यांचं काहीतरी, कधीतरी एकदा व्हिडिओ कॉलसाठी घेतलेलं काहीतरी. उजवं क्लिक करून 'डिसेबल' केलं तर प्रोग्रॅम उडत नाही, फक्त आपणहून सुरू व्हायचा थांबतो. अँटिव्हायरस आणि मराठी टायपिंगचं साधन तेवढं तसंच ठेवा.

आता डिस्कची प्रकृती. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत साधन एका जपानी माणसाने बनवलेलं आहे, आणि माझ्या दुकानात प्रत्येक मशीनवर सर्वांत आधी तेच चालतं. डिस्क स्वतःबद्दल जी नोंद ठेवत असते, ती हे वाचून दाखवतं. निळ्या चौकोनात 'गुड' आलं तर ठीक. पिवळा 'कॉशन' आला, तर त्याच संध्याकाळी सगळ्या फायली दुसरीकडे उतरवा. खालच्या यादीत ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. पहिलीत निकामी होऊन बदललेल्या जागा मोजलेल्या असतात, दुसरीत वाचता न येणाऱ्या. तिथले आकडे महिन्यागणिक वाढत असतील, तर ती डिस्क आता सोबत सोडणार.

माझा अंदाज सांगते, सर. तुमच्या मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असणार. तिच्यात एक चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक हात तिच्यावर पुढेमागे सरकून हवी ती जागा शोधतो. संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फायली वाचाव्या लागतात, आणि प्रत्येकीसाठी तो हात हलतो. तुमची आंघोळ होते ती तेवढ्या वेळात. त्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, बसवली तर हलणारा भागच उरत नाही. मजकूर लिहिणं, बँक, ईमेल, भजनं ऐकणं, नातवाशी व्हिडिओवर बोलणं एवढ्यासाठी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी आणि ४ च्या जागी ८ जीबी रॅम पुरेशी आहे. रॅम घेताना जुनी काढून सोबत न्या. २०१५ च्या मशीनमध्ये बहुतेक डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅम निघेल, आणि नंतरची डीडीआर४ त्या खाचेत बसत नाही.

आणि सर, जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. ती तुमची आहे. फायली नीट आल्या आहेत हे महिनाभर वापरून खात्री होईपर्यंत तिला हात लावू नका, नंतरही कपाटात जपून ठेवा.

जाता जाता दोन गोष्टी. 'शट डाउन' केलं तरी विंडोज थोडी अर्धवट जागी राहते, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून. पूर्ण ताजी सुरुवात 'रीस्टार्ट'नेच होते, म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. दुसरं, सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज'खाली 'टेम्पररी फाइल्स' पुसायची सोय आहे. ती वापरा, पण त्या यादीत 'डाउनलोड्स' असं नाव दिसतं, तिथे खूण करू नका. आपली माणसं पेन्शनचे कागद, लग्नाचे फोटो सगळं डाउनलोड्समध्येच ठेवतात. त्या एका खुणेने गेलेले फोटो शोधायला माझ्याकडे किती जण आले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न: आमच्या पीसीची तारीख रोज मागे जाते. आणि कुठलीच वेबसाइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. नेटवाल्याला दोनदा बोलावलं.
– एक वाचक, लांजा

उत्तर: नेटवाल्याची चूक नाही. मदरबोर्डवर एक चपटी, रुपयाच्या नाण्यासारखी बॅटरी असते. तिचा नंबर सीआर२०३२. वीज नसताना घड्याळ ती चालवते. ती संपली की संगणक जुन्या तारखेला जागा होतो. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर 'या दिवसापासून त्या दिवसापर्यंत' असं लिहिलेलं असतं. तुमच्या संगणकाच्या लेखी तो दिवस अजून उगवलेलाच नसतो, म्हणून तो दार बंद करतो. वायर काढा, जुनी बॅटरी सोडवा, त्याच नंबरची नवी लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा, तारीख लावा. ही बॅटरी घड्याळजीकडेही मिळते.

प्रश्न: ताई, मी घरून मसाले विकते. ऑर्डरी, हिशेब सगळं लॅपटॉपवर. पंधरा दिवस झाले, उजव्या कोपऱ्यात सारखं येतं, 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले'. परवा तर पूर्ण स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजू लागला, त्यावर एक नंबर होता. घाबरून फोन केला. पलीकडच्याने एक ॲप घ्यायला लावलं. त्याने माझा माउस हलवला तेव्हा मी लॅपटॉप मिटून टाकला. आता उघडायचं धाडस होत नाही.
– मालवण

उत्तर: मिटलात ते फार चांगलं केलंत. आता मी सांगते त्या क्रमाने करा.

घरातला वायफाय आधी बंद करा, मगच लॅपटॉप उघडा. त्याने घ्यायला लावलेलं ॲप सेटिंग्जमध्ये 'ॲप्स'मध्ये जाऊन काढून टाका. ते दूरून स्क्रीन चालवायचं ॲप असतं. त्याचा खरा उपयोग चांगला आहे, मीही गुहागरच्या गिऱ्हाइकांना तसं मदत करते. पण अनोळखी माणसाच्या हाती ते म्हणजे घराची किल्ली. मग दुसऱ्या फोनवरून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला. बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

आता तो कोपरा. तिथे येणारा निरोप बहुतेक वेळा व्हायरसचा नसतोच. कुठल्यातरी वेबसाइटने 'नोटिफिकेशन पाठवू का?' विचारलं आणि आपण 'अलाउ' दाबलं, एवढंच झालेलं असतं. तेव्हापासून ती साइट तुमच्या कोपऱ्यात येऊन हवं ते बोलते. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइटांची यादी दिसेल. ओळखीच्या नसलेल्या सगळ्या काढा. साइटांना असं विचारूच देऊ नका, हा पर्यायही तिथेच आहे.

लाल स्क्रीन आणि भोंगा हेही एक वेबपानच होतं. पुन्हा आलं तर एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरा. नाही हललं तर वर देवरुखच्या सरांना सांगितलेल्या तीन कळांनी टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्ट किंवा कुठलीही खरी कंपनी स्क्रीनवर फोन नंबर दाखवून 'आत्ता कॉल करा' म्हणत नाही.

हे झालं की नेट जोडा आणि विंडोजमध्ये आधीच असलेल्या डिफेंडरने 'फुल स्कॅन' करा. त्यानंतर 'ऑफलाइन स्कॅन'ही करा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं. दुसरं मत हवं असेल तर भारत सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून सुरू आहे. तिथे सफाईची साधनं मोफत मिळतात. पुण्यातल्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या काटकर बंधूंनी क्विक हील उभी केली, याचा माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्या बाईला मनापासून अभिमान आहे. तरी तुमच्यापुरतं विचारलंत तर, अद्ययावत विंडोज आणि त्यातला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस मात्र चालू ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

तुमची ऑर्डरींची वही, म्हणजे ती एक्सेलची फाइल, रोज रात्री पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. जोडलेलाच राहिला तर लॅपटॉपवर संकट येईल तेव्हा त्याच्यावरही येईल.

प्रश्न: मोफत 'क्लीनर' आणि 'बूस्टर' टाकले तर पीसी वेगात चालतो का?
– कॉलेज विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर: नको टाकू. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही, साफ करून वेग वाढल्याचं माझ्या टेबलावर मी एकदाही पाहिलेलं नाही. बिघडलेल्या विंडोज मात्र पाहिल्या आहेत. २०१७ मध्ये तर सीसीक्लीनर नावाच्या अशाच एका क्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीतच चोरांनी घुसखोरी केली होती आणि वीस लाखांहून जास्त संगणकांवर ती पोचली. जे साधन संगणकाच्या मुळाशी हात घालतं, ते कमीत कमी ठेवावं.

जागा कमी पडत असेल तर 'विझट्री' किंवा 'विनडिरस्टॅट' वापर. डिस्कवर कोण किती जागा अडवून बसलंय ते चित्रासारखं दिसतं. झिप फायलींसाठी 'सेव्हन-झिप', व्हिडिओसाठी 'व्हीएलसी', कागदपत्रांसाठी 'लिबरऑफिस'. तिन्ही मोफत आहेत. व्हीएलसीचा जन्म १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या कॉलेजातल्या मुलांच्या प्रकल्पातून झाला. लिबरऑफिसचे मेनू मराठीतही करता येतात. हे सगळं त्या त्या साधनाच्या मूळ संकेतस्थळावरूनच घे. शोधताना वर जाहिरातीत दिसणाऱ्या दुव्यांवर जाऊ नकोस, आणि 'क्रॅक' केलेल्या सॉफ्टवेअरच्या वाटेला तर मुळीच नको. असली मोफत साधनं असताना चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा रोग कशाला घरी आणायचा?

प्रश्न: माझ्या वडिलांनी २००० ते २००८ या काळात गावच्या देवळाचा इतिहास, कुळांची माहिती, जत्रेतल्या मानपानाच्या नोंदी संगणकावर टाइप केल्या. तीनशेहून जास्त पानं आहेत. ते आता नाहीत. जुना पीसी बंद पडायला आला म्हणून फायली नव्या लॅपटॉपवर घेतल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फायली खराब झाल्या का?
– कुडाळ

उत्तर: नाही, दादा. एकही अक्षर गेलेलं नाही. पत्र वाचून माझ्याच जिवाची घालमेल झाली, म्हणून तुम्हाला आधी फोनवर एवढंच कळवलं की जुना पीसी विकू नका, फॉरमॅट करू नका. आता बाकीचं सविस्तर.

त्या काळात बहुतेकांच्या संगणकावर देवनागरी सरळ टाइप होत नव्हती. श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅक या सरकारी संस्थेचे सुरेखसारखे फॉन्ट यांनी एक युक्ती केली होती. संगणकाला वाटायचं, माणूस इंग्रजी अक्षरं टाइप करतोय. फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवायचा. वडिलांच्या फायलीत आजही ती इंग्रजी अक्षरंच आहेत. त्यांना मराठी चेहरा देणारा फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नाही, म्हणून कचरा दिसतो. प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी होती, त्यामुळे एकाचा फॉन्ट दुसऱ्याला चालत नाही. आता युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला स्वतःची जागा आहे. आज फोनवर लिहिलेलं मराठी जगात कुठेही मराठीच दिसतं, ते त्यामुळे.

म्हणून आधी जुना पीसी, तो चालतोय तोवर. फायलींचा सगळा फोल्डर दोन ठिकाणी उतरवा, एक पेनड्राइव्ह आणि एक बाहेरची हार्ड डिस्क. मग सी ड्राइव्हमधल्या 'विंडोज' फोल्डरात 'फॉन्ट्स' आहे. तिथून वडिलांनी वापरलेले फॉन्ट कॉपी करा. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केलं की वर फॉन्टचं नाव दिसतं, ते कागदावर लिहून घ्या. फॉन्ट बहुतेक लोक विसरतात, आणि पीसी भंगारात गेल्यावर तो शोधत फिरतात. काही सॉफ्टवेअरांना डोंगल लागायचा, मागे लावायचा छोटा ठोकळा. तो सापडला तर टाकू नका.

दुसरं काम: जुन्या पीसीवरच प्रत्येक फाइल पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, त्यामुळे पान जसं वडिलांनी मांडलं तसंच कायम राहतं. आठ-दहा वर्षांत मजकूर कसाही बदलला तरी मूळ पान समोर असेल.

त्यानंतरच युनिकोडमध्ये रूपांतर. फॉन्टनुसार रूपांतर करणारी मोफत साधनं आहेत. पण घाई करू नका आणि मूळ फायलीवर काम करू नका, तिची प्रत घ्या. वर्डमधली 'ऑटोकरेक्ट' आधी बंद करा. ती वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करते. जुन्या फॉन्टमध्ये लहान अक्षर म्हणजे पूर्ण 'प' आणि कॅपिटल म्हणजे अर्धा 'प', असा प्रकार असतो. नकळत शब्द बदलतात आणि कळतही नाही. रूपांतर झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्या', 'ऱ्हा'सारखी जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. म्हणून तिथे चुका हमखास राहतात. मजकुरात मध्ये इंग्रजी शब्द असतील तर त्यांचंही मराठीत काहीतरी विचित्र होऊन बसतं.

कुळांची नावं आणि मानाचा क्रम मात्र यंत्राच्या भरवशावर सोडू नका. गावातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा, पीडीएफ एका बाजूला आणि नवा मजकूर दुसऱ्या बाजूला उघडा. रोज पाच पानं झाली तरी दोन-अडीच महिन्यांत काम संपतं. नवीन टाइप करायचं असेल तर विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आत दिलेलाच आहे. 'भाषा' सेटिंगमध्ये मराठी जोडा, वेगळं काही घ्यावं लागत नाही.

प्रश्न: सीपीयूला हात लागला की झिणझिण्या येतात. आणि यूपीएस लाइट गेल्यावर दोन सेकंदही टिकत नाही.
– एक गृहिणी, राजापूर

उत्तर: झिणझिण्या येत असताना तो वापरूच नका. आधी वायरमनला बोलवा. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतली खरखर गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात. ते वायरींना डब्याशी जोडतात आणि तिथून गळणारी थोडी वीज अर्थिंगने जमिनीत जावी, अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर डब्यावर निम्म्या दाबाची, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास वीज बसून राहते. एवढ्याशा प्रवाहाने फक्त झिणझिण्या येतात, पण तोच अनुभव खऱ्या बिघाडातही येतो. दोन्हीतला फरक हाताला कळत नाही. मॉनिटर किंवा प्रिंटर जोडताना ती जोडायची जागा जळते ती बऱ्याचदा यामुळेच.

तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तुटलेली आहे का, दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर जोडलंय का, ते बघा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. आपल्याकडे जांभ्यात पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. मार्चपासून पाऊस येईपर्यंत त्यात पाणी घालत राहा.

यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. घरच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची असते आणि ती एकटी बदलता येते, पूर्ण यूपीएस घ्यायला नको. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नका.

प्रश्न: विंडोज १० बंद झाली म्हणतात. माझा पीसी उत्तम चालतो, पण ११ घेत नाही. फेकून द्यायचा का?
– ठाणे

उत्तर: चालतं मशीन फेकायचं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली, संगणक थांबलेला नाही. पण अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचं काम करणं मला मान्य नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या.

तात्पुरता मार्ग असा: घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरते. मायक्रोसॉफ्ट खात्यात साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच दुवा दिसतो. '११ घेत नाही' हे 'पीसी हेल्थ चेक'ने एकदा खात्री करून घ्या. कधी कधी टीपीएम, म्हणजे ११ ला लागणारी सुरक्षेची चिप, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये नुसती बंद असते.

कायमचा मार्ग म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. ती मोफत आहे, ४ जीबी रॅमवरही चालते आणि डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून सुरू करून बघता येते. दोन-चार दिवस तशीच वापरा. प्रिंटर, वायफाय, आवाज चालतो का ते तपासा. टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सहीचं काम असेल तर आधी विचारून घ्या, ती साधनं तिथे सरळ चालत नाहीत.

प्रश्न: २०२१ च्या पुरात आमचा पीसी दोन दिवस पाण्यात होता. हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली आहे. तिच्यात मुलीचे पहिल्या पाच वर्षांचे फोटो आहेत. पाच वर्षं धाडस झालं नाही. आता कुणीतरी म्हणतं, वाळली आहे, जोडून बघ.
– खेड

उत्तर: ताई, जोडू नका. कुणीही कितीही खात्रीने सांगितलं तरी नको.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझं दुकान पहिल्या मजल्यावर होतं म्हणून वाचलं. पाणी उतरल्यावर आठवडाभर जिन्यावर चिखलाने माखलेले सीपीयू रांगेत उभे होते. त्यातले दोन मला विसरता येत नाहीत. एका घरात डिस्क तीन दिवस कडक उन्हात वाळवली आणि लगेच जोडली. दोन मिनिटं टक-टक आवाज आला आणि सगळं संपलं. दुसऱ्या एका आजोबांनी काही न करता डिस्क ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणून दिली. ती आम्ही मुंबईच्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत पाठवली. त्यांच्या दिवंगत पत्नीच्या आवाजातल्या ओव्या तिच्यातून परत आल्या.

फरक एवढाच होता. बऱ्याच हार्ड डिस्कवर हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, तिथून पाणी आत जातं. पाणी आटतं, गाळ चकतीवर चिकटून राहतो. वाचणारा हात चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतो, माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर. वीज दिली की तोच गाळ चकती खरवडतो. तुमची डिस्क वाळलेली आहे, म्हणजे काम आधीपेक्षा अवघड आहे. तरी चकतीवर ओरखडा पडलेला नसेल तर आशा आहे, आणि तुम्ही पाच वर्षं हात लावला नाही हीच मोठी जमेची बाजू आहे.

क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, असलेल्या प्रयोगशाळेतच द्या. 'फायली निघाल्या नाहीत तर पैसे नाहीत' अशी अट लिहून घ्या, तपासणीचे किती ते वेगळं विचारा. खर्च बराच येतो, म्हणून घरात आधी बोलून ठरवा. दरम्यान ते फोटो आणखी कुठे आहेत का ते शोधा: मामाला पाठवलेलं ईमेल, जुन्या फोनचं कार्ड, फोटो स्टुडिओतली सीडी. मला अशा शोधातून कितीतरी फोटो सापडले आहेत, आणि त्याला खर्च नाही.

नवीन फोटोंसाठी तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी. आपल्या खोऱ्यात तिसरी प्रत नदीपासून लांब हवी. माझी पुण्याला बहिणीकडे आहे. दर गणपतीत ती येते तेव्हा जुनी डिस्क आणते आणि नवी घेऊन जाते.

डिस्क पाठवताना अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या, पिशवीत घाला, भोवती जाड फोम लावा, खोका हलवल्यावर आत काही हलता कामा नये. सोबत चिठ्ठी ठेवा: 'जुलै २०२१ मध्ये दोन दिवस पुराच्या पाण्यात. त्यानंतर एकदाही वीज दिलेली नाही.' शेवटचं वाक्य ठळक लिहा, उघडणाऱ्याला तेच आधी दिसायला हवं.